ज्युलियाबाईंचं काचघर

गेल्या अंकात जुन्या पोर्ट्रेट्सबद्दल लिहिताना मी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचं नाव घेतलं आणि पुढे गेले. तेवढ्यावरून इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे. ज्यांचे प्रश्न इतर विषयांवरचे आहेत त्यांनी महिनाभर थांबावं, ही विनंती.

प्रश्न : ताई, माझं वय ५१. दोन वर्षांपूर्वी मुलीने पहिल्या पगारातून मला कॅमेरा घेऊन दिला. तेव्हापासून मी घरातल्या माणसांचे, शेजारच्या मुलांचे फोटो काढते आहे. आमच्या भागातल्या एका क्लबच्या स्पर्धेत सासूबाईंचा फोटो दिला होता. परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘डोळा शार्प नाही, कान तर पार गेलाय, आधी फोकस शिका.’ घरी आले आणि कॅमेरा कपाटात ठेवून दिला. तुम्ही नाव घेतलेल्या बाईंचे फोटो मुलीने मोबाइलवर दाखवले. तेही धूसरच आहेत! मग ते मोठे कसे? त्यांना फोकस येत नव्हता का? सासूबाईंचा फोटो सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी कॅमेरा कपाटातून बाहेर काढा, मग पुढचं वाचा.

ज्युलियाबाईंच्या हाती कॅमेरा आला तो १८६३ च्या डिसेंबरात. वय ४८. तुमच्या हाती आला तेव्हा तुम्ही ४९ च्या होतात. आणि त्यांनाही तो लेकीनेच दिला होता, लेकीने आणि जावयाने मिळून. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, तिथे फ्रेशवॉटर या गावात त्या राहत. नवरा कॉफीच्या मळ्यांच्या कामासाठी सिलोनला गेलेला, थोरले मुलगे आपापल्या मार्गाला लागलेले, धाकटे शाळेच्या वसतिगृहात, लेक सासरी. घर मोठं आणि रिकामं. आईला एकटीला करमावं म्हणून दिलेली ती वस्तू होती.

त्यांनी काय केलं ते त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. कोळसा ठेवायच्या खोलीची डार्करूम केली. मुलांसाठी बांधलेलं काचेच्या छपराचं कोंबड्यांचं खुराडं होतं, त्याचा स्टुडिओ केला. कोंबड्या सोडून दिल्या. त्या कुणी खाल्ल्या नसाव्यात अशी आशाही लिहिली आहे, आणि मुलांची ताज्या अंड्यांची कमाई बुडाली याचीही नोंद केली आहे. या खुराड्याला त्या ‘ग्लास हाउस’ म्हणत. मी काचघर म्हणते.

पहिला फोटो गावातल्या एका शेतकऱ्याचा. तो तासाला अर्धा क्राउन घेऊन बसला होता. बऱ्याच खटपटीनंतर काचेवर चेहरा उमटला आणि बाईंचा हात ओल्या बाजूवरून फिरला. चेहरा पुसला गेला. पहिलाच फोटो!

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबले होते. मिरजेत माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. अकरा वर्षांची असताना एका लग्नाच्या ग्रुपची ओली प्लेट वाळत घालताना माझा अंगठा नेमका नवरीच्या तोंडावर पडला. ते लग्न परत लागणार नव्हतं. वडील काही बोलले नाहीत. ट्रे धुतला, दुसरी प्लेट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘कडेला धरायची.’ ज्युलियाबाईंना असं सांगणारं कुणी नव्हतं. शिक्षक नाही, मदतनीस नाही. काळा डबा कुठे ठेवायचा आणि बसणाऱ्याला कुठे बसवायचं इथपासून सगळं त्या एकट्याने शिकल्या.

महिनाभर अशाच काचा वाया गेल्या. एकदा दोन मुलांना बसवलं होतं. फोटो अर्ध्यावर आला आणि एकाला हसू फुटलं. गेली ती काच. मग त्यांनी एकाच मुलीला घेतलं, तिचं नाव ॲनी. तिला समजावलं, की तू हललीस तर बिचाऱ्या मिसेस कॅमेरॉनची किती औषधं आणि किती कष्ट वाया जातील बघ. पोर हलली नाही. जाड कोट, मोठी बटणं, विस्कटलेले केस, नजर एका बाजूला. आजच्या स्पर्धेत कुणी दुसऱ्यांदा पाहणार नाही असा साधा फोटो आहे. पण तो हाती आला तेव्हा बाई घरभर धावत सुटल्या, त्या मुलीला काय देऊ आणि काय नको असं होऊन. त्यांना वाटलं, हा फोटो तिनेच केला आहे.

आता तुमच्या फोकसकडे येते.

बाईंचा पहिला कॅमेरा ११ बाय ९ इंची काच घेणारा, दुसरा, १८६६ पासूनचा, १५ बाय १२ इंची. घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर डोळ्यासमोर आणा, तेवढी काच. एवढ्या काचेवर नुसता चेहरा मावेल इतकं जवळ गेलं, की फोकसची पट्टी कागदासारखी पातळ होते. पापणी धरली तर कान सुटतो, नाक धरलं तर डोळा सुटतो. दुसरे फोटोवाले यावर सोपा उपाय करत. माणसाला लांब बसवत, फोटो लहान काढत, डोकं लोखंडी चिमट्यात धरून ठेवत. सगळं स्वच्छ दिसे, कोटाच्या शिवणीसुद्धा. बाईंना शिवणी नको होत्या.

त्यांनी कबूल केलं आहे, की सुरुवातीचे धूसर फोटो योगायोगाने आले. फोकस करता करता कॅमेऱ्यामागच्या ग्राउंड ग्लासवर, म्हणजे दुधी काचेवर, एका क्षणी डोळ्यांना फार सुंदर वाटेल असं काही दिसे, आणि त्या तिथेच थांबत. स्क्रू आणखी फिरवून सगळे आग्रह धरतात तो काटेकोर फोकस त्या गाठत नसत. मला या सगळ्या प्रकरणात ‘तिथेच थांबत’ एवढेच शब्द महत्त्वाचे वाटतात. फोकस येत नाही तो माणूस कुठेही थांबतो. यांना कुठे थांबायचं ते दिसत होतं.

१८६४ संपताना सर जॉन हर्शेल यांना लिहिलेल्या पत्रात तर त्या सरळ विचारतात, की फोकस म्हणजे काय, आणि अमुकच फोकस खरा हे सांगायचा अधिकार कुणाला? हे पत्र कुणाला लिहिलं तेही पाहा. हर्शेल म्हणजे खगोलशास्त्रज्ञ, आणि ‘निगेटिव्ह’, ‘पॉझिटिव्ह’ हे शब्द या अर्थाने रूढ करणारा माणूस. ज्या हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, वासात मी लहानाची मोठी झाले, त्या हायपोत चांदीचे क्षार विरघळतात हे १८१९ मध्ये यानेच शोधलं. फोटोग्राफीच्या जन्मदात्यांपैकी एकाला एक बाई, कॅमेरा हाती येऊन वर्ष झालेलं असताना, हा प्रश्न विचारते आहे.

लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या त्या सभासद होत्या, आणि त्याच सोसायटीच्या नियतकालिकाने १८६५ मध्ये त्यांच्या ‘फोकस सुटलेल्या’ फोटोंवर टीका केली. धाडसी वेगळेपणाचं श्रेय दिलं, पण फोटोग्राफीचे बाकीचे सगळे गुण घालवून ते मिळवलं आहे असं म्हटलं. तुमचे परीक्षक एकशेसाठ वर्षांपूर्वीही होते. बाईंनी पुढे लिहिलं, की ती टीका खचवून टाकणारी होती, पण तिची किंमत मला माहीत होती. त्याच १८६५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात त्यांना ब्राँझपदक मिळालं आणि पुढच्या वर्षी सुवर्णपदक.

१८६७ च्या एप्रिलमध्ये त्या आपला सगळा सरंजाम घेऊन हर्शेल यांच्या घरी, केंटमध्ये, गेल्या. हर्शेल तेव्हा पंचाहत्तरीचे. त्यांना केस धुवायला लावले म्हणतात, म्हणजे ते मोकळे होऊन उजेड धरतील. त्यातला एक फोटो मी पुण्यात कॉलेजच्या ग्रंथालयात एका जाड पुस्तकात पाहिला तेव्हा १९ वर्षांची होते. मागे काळोख. अंगावर काळं वस्त्र, त्यामुळे धड नाहीच. पांढरे केस ज्वाळेसारखे उडालेले. उजेड एका बाजूने. डोळे ओलसर, खाली जड पिशव्या, हनुवटीवर पांढरे खुंट. आमच्या स्टुडिओत मी पेन्सिलीने निगेटिव्हवरच्या सुरकुत्या भरायचे, गिऱ्हाइकांना चेहरा ‘गोड’ करून हवा असायचा. इथे एकही सुरकुती भरलेली नव्हती. खांदे धूसर, कान धूसर, आणि माणूस मात्र इतका स्पष्ट, की त्याने नुकतंच काहीतरी पाहिलं आहे आणि आता तो ते सांगेल असं वाटावं.

आता तुमचा फोटो. मी तो भिंगाखाली घेऊन दोनदा पाहिला. डोळा शार्प नाही हे परीक्षकांचं म्हणणं खरं आहे. पण कपाळावरचं गोंदण अगदी स्वच्छ आहे, हिरवट टिंबं मोजता येतात. तुम्हाला ते गोंदणच हवं होतं का? तुम्ही तिथे थांबलात का? तसं असेल तर मला फोटो आवडला आणि तुम्ही पुढच्या स्पर्धेतही तोच द्या. डोळा धरायचा होता आणि हुकला असेल, तर सासूबाईंना पुन्हा बसवा. दोन्हींपैकी काय खरं ते तुम्हालाच माहीत.

प्रश्न : काचेवर फोटो काढत म्हणजे नेमकं काय करत? आणि बसणाऱ्याला मिनिटं न् मिनिटं स्थिर बसावं लागे हे खरं का?
– एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : खरं आहे. बाईंकडे बसलेल्यांना तीन ते सात मिनिटं न हलता बसावं लागे. घड्याळ लावून तीन मिनिटं बसून पाहा, म्हणजे त्या फोटोंतले चेहरे असे आत वळलेले का दिसतात ते कळेल. तीन मिनिटं कुणी हसू धरून ठेवू शकत नाही. चेहऱ्यावर घेतलेला भाव गळून पडतो आणि खालचा वर येतो.

पद्धत वेट कोलोडियनची. काच घासून, पुसून लख्ख करायची. डाव्या हाताच्या बोटांवर ती आडवी तोलायची आणि मध्यभागी कोलोडियन ओतायचं. ते म्हणजे रासायनिक प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला चिकट द्रव, पातळ मधासारखा दिसतो. मग काच अशी कलती करायची, की द्रव चारही कोपऱ्यांत फिरून शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत जाईल. डोसा घालताना पीठ पसरतं तसं, पण डावाशिवाय, आणि कुठे जाड कुठे पातळ न होता. आपली काच १५ बाय १२ ची आहे हे विसरू नका. मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात काही मिनिटं बुडवायची. ठिबकत असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा, परत डार्करूममध्ये धावायचं आणि डेव्हलपर ओतायचा. हे सगळं थर वाळायच्या आत. वाळला की संपलं. नंतर धुणं, फिक्स करणं, पुन्हा धुणं, काच गरम करून व्हार्निश देणं. छापणं वेगळंच. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला अल्ब्युमिन कागद, तो काचेला चिकटवून उन्हात ठेवायचा, प्रतिमा उमटेपर्यंत.

धूळ बसली की टिंब, हात थरथरला की ओघळ, व्हार्निश बिघडलं की तडे. बाईंच्या काचांवर हे सगळं आहे. बोटांचे ठसेसुद्धा आहेत. मेरी हिलियर या त्यांच्या कामवाल्या मुलीचा ‘सॅफो’ नावाचा एक फोटो आहे, त्याची काच फुटली. फुटक्या काचेवरूनच त्यांनी तो छापला, कारण चेहरा चांगला आला होता. मी त्यांच्या बाजूने आहे. फुटली म्हणून तो चेहरा फेकून द्यायचा कसा?

पण त्या बेफिकीर होत्या असं यावरून कुणी म्हणू नये. १८६९ मध्ये त्यांच्या सगळ्यात लाडक्या निगेटिव्हांपैकी ४५ ना बारीक जाळीसारखे तडे गेले. त्या हवालदिल झाल्या, जाणकारांना विचारत राहिल्या, की दोष कोलोडियनचा, व्हार्निशचा, की समुद्राच्या हवेचा.

आणि डाग. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं की काळं पडतं आणि साबणाने जात नाही, हे माझ्या नखांना माहीत आहे. बाई ओली काच घेऊन थेट जेवणाच्या खोलीत नवऱ्याकडे धावत. ते प्रत्येक फोटो मन लावून पाहत, तोंडभरून कौतुक करत. काचेवरून ठिबकणाऱ्या पाण्याने घरातले किती टेबलक्लॉथ कायमचे डागाळले त्याला गणती नाही. दुसऱ्या कुठल्या घरात मला हाकलून दिलं असतं, असं त्या लिहितात. हा नवरा म्हणजे चार्ल्स कॅमेरॉन, त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, कायदेपंडित, लांब पांढरी दाढी. पुढे तीच दाढी घेऊन ते टेनिसनच्या काव्यातले जादूगार मर्लिन म्हणून कॅमेऱ्यासमोर बसले.

प्रश्न : मोठ्या घरची बाई, हाताशी नोकर, शेजारी टेनिसनसारखा कवी, ओळखी थेट डार्विनपर्यंत. अशी हौस कुणीही केली असती. तिचं एवढं कौतुक का करावं?
– निवृत्त कर्मचारी, ठाणे

उत्तर : तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. टेनिसन शेजारी होते, कार्लाइल, ब्राउनिंग, लाँगफेलो हे सगळे लेखक-कवी बाईंसमोर बसले. डार्विन १८६८ च्या उन्हाळ्यात सहकुटुंब फ्रेशवॉटरला आले ते कॅमेरॉन कुटुंबाच्याच घरात भाड्याने राहिले, आणि आपल्या कुठल्याही फोटोपेक्षा हा मला जास्त आवडतो असं त्यांनी लिहून दिलं. एवढी माणसं एका खेड्यात कुणाला मिळणार?

दुसरं निम्मं मान्य नाही. हौसेला मोल नाही म्हणतात, पण या हौसेचं मोल बाई मोजून वसूल करू पाहत होत्या, कारण पैसा नव्हता. कॉफीच्या मळ्यांतून येणारं उत्पन्न आटत चाललं होतं आणि स्वतःच्या सहा मुलांशिवाय आणखी काही पोरकी मुलं त्यांच्या घरात वाढत होती. त्या फोटो कॉपीराइटसाठी रीतसर नोंदवत, लंडनच्या कोल्नागी या चित्रविक्रेत्यांमार्फत विकत. १८६५ मध्ये साउथ केन्सिंग्टन म्युझियमने त्यांचे फोटो विकत घेतले, आणि १८६८ मध्ये त्याच म्युझियमने त्यांना दोन खोल्या स्टुडिओ म्हणून वापरायला दिल्या. आज त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. त्यांना हौशी म्हणायचं ते एवढ्यासाठी, की त्यांनी गिऱ्हाइकाला हवा तसा फोटो काढायचं नाकारलं. माझ्या वडिलांना ते परवडलं नसतं. बाईंनाही परवडत नव्हतं, तरी त्यांनी ते केलं.

नोकरांचं मात्र तुम्ही बरं काढलंत, कारण मला त्यांच्याबद्दलच जास्त सांगायचं आहे. थोर पुरुषांचे फोटो त्या त्या पुरुषांच्या नावाने आहेत. बायकांच्या फोटोंना बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं नाव. मेरी हिलियर ही फ्रेशवॉटरची मुलगी, घरकाम करायची, काचा धुवायची, आणि मग डोक्यावरून वस्त्र घेऊन येशूची आई व्हायची. इतक्या वेळा, की तिला ‘मेरी मॅडोना’ म्हणू लागले. मला हे सलतं. हर्शेलला हर्शेल म्हणूनच पाहायचं, आणि मेरीला नेहमी दुसरं कुणीतरी म्हणून. तरी तिचा चेहरा बघा, ते हात बघा. राबणाऱ्या मुलीचा चेहरा त्या काळात कुणी एवढ्या जवळून, एवढ्या आदराने पाहिला होता?

आणखी एक मेरी आहे, मेरी रायन. तिची आई आयर्लंडची, लंडनजवळ पटनी हीथवर भीक मागत होती. बाईंनी १८५९ च्या सुमारास दोघींना घरी आणलं. मेरी त्या घरात शिकली, मग तिथेच कामाला राहिली आणि फोटोंसाठी बसली. लंडनच्या प्रदर्शनात एका तरुणाने तिचे फोटो पाहिले आणि तो तिच्यात गुंतला. पुढे फ्रेशवॉटरला येऊन त्याने तिला मागणी घातली. १८६७ मध्ये लग्न झालं. नवरा-नवरीला बाईंनी रोमिओ आणि ज्युलिएट म्हणून उभं केलं, तो फोटो आहे.

तो तरुण म्हणजे हेन्री कॉटन. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये बंगालला आला, आसामचा चीफ कमिशनर झाला. मळ्यांतल्या मजुरांची बाजू घेतली म्हणून मळेवाल्या गोऱ्यांचा रोष ओढवून घेतला. १९०४ च्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष हेच सर हेन्री कॉटन. स्वागताध्यक्ष फिरोजशहा मेहता होते. मुंबईच्या त्या अधिवेशनाची वर्णनं मी आधीही वाचली होती. पण हे अध्यक्ष पटनी हीथवरच्या एका भिकारणीच्या लेकीचे यजमान आहेत, आणि ते लग्न एका फोटोवरून जमलं आहे, हे कळल्यापासून मला ते नाव वेगळं दिसतं.

प्रश्न : त्यांचा जन्म कलकत्त्याचा, असं वाचलं. मग भारतातले त्यांचे फोटो का दिसत नाहीत? आणि त्या काळी आपल्या मुंबईत कुणी फोटोग्राफी करत होतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जन्म ११ जून १८१५, कलकत्ता. माहेरचं नाव ज्युलिया पॅटल, वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, आई फ्रेंच घराण्यातली. लहानपण बरंचसं फ्रान्समध्ये आजीकडे. १८३६ मध्ये आजारातून उठल्यावर हवापालटासाठी दक्षिण आफ्रिकेत केपला गेल्या. तिथेच हर्शेल भेटले आणि तिथेच चार्ल्स कॅमेरॉनही. १८३८ मध्ये कलकत्त्यात लग्न झालं. चार्ल्स मेकॉलेसोबत कायदे आयोगावर काम केलेले, पुढे गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात गेले. १८४८ मध्ये कुटुंब इंग्लंडला निघालं. कॅमेरा आला तो त्यानंतर पंधरा वर्षांनी, म्हणून भारतातले फोटो नाहीत. पण फोटोग्राफी त्यांनी पाहिली ती कलकत्त्यातच. हर्शेल यांनी १८४० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच तिचे नमुने त्यांना टपालाने पाठवले होते. ते पाहिल्यावर वीस वर्षं त्यांच्या मनात काय घोळत राहिलं असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. म्हणजे बाईंच्या पहिल्या फोटोच्या जवळजवळ दहा वर्षं आधी! डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी त्या सोसायटीत होते, स्वतः फोटो काढत. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेला डॉक्टर आणि हातात कॅमेरा. त्यांच्यावर मी पुढे सविस्तर लिहीन, चार ओळींत उरकण्यासारखा तो माणूस नाही.

ज्युलियाबाई पुन्हा पूर्वेकडे आल्या त्या १८७५ मध्ये, सिलोनला. मुलगे तिथे मळ्यांवर होते, चार्ल्स यांना तिथेच राहायचं होतं. जाताना दोघांनी आपापल्या शवपेट्या बरोबर घेतल्या, त्यांत काचेची आणि चिनीमातीची भांडी भरली. मरण तिकडे येणार हे धरूनच चाललेली माणसं! तिथे फोटो फार थोडे झाले. दमट हवा, स्वच्छ पाण्याची अडचण, औषधं मिळायची मारामार. कोलोडियनला या तिन्ही गोष्टी मारक.

कळुतारा इथे समुद्रकाठच्या घरी १८७७ मध्ये मरियान नॉर्थ ही वनस्पतींची चित्रं काढणारी बाई पाहुणी आली. तिने लिहिलं आहे, की ज्युलियाबाईंनी मला लोकरी वस्त्रांत गुंडाळलं, केस सोडायला लावले, नारळाच्या टोकदार झावळ्यांखाली भर दुपारच्या उन्हात उभं केलं आणि अगदी सहज दिस म्हणाल्या. पारा ९६ फॅरेनहाइटवर होता. बासष्टीतल्या बाईंचा हा उत्साह. सिलोनमध्ये काढलेल्या फोटोंत तिथले शेतकरी, मजूर आहेत, ‘कळुताराचे शेतकरी’ अशासारख्या मथळ्यांखाली. नावं नाहीत. मेरीला निदान नाव तरी मिळालं. हे फोटो पाहताना मला प्रत्येक वेळी वाटतं, कुणीतरी विचारायला हवं होतं.

२६ जानेवारी १८७९ ला सिलोनमधल्याच डिकोयाच्या डोंगराळ मळेभागात त्या वारल्या. बोगवंतलावच्या सेंट मेरीज चर्चच्या आवारात नवरा-बायको दोघांच्याही कबरी आहेत. फ्रेशवॉटरचं त्यांचं घर ‘डिम्बोला’ आज संग्रहालय आहे, त्या घराचं नावसुद्धा सिलोनच्या मळ्यावरून ठेवलेलं होतं. अस्सल प्रिंट पाहायची असतील तर लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, आणि घरबसल्या त्याच म्युझियमच्या संकेतस्थळावर शेकडो फोटो मोठे करून पाहता येतात. कडा जरूर पाहा. ओघळ, ठसे, खरवडलेल्या रेषा, सगळं कडेला आहे.

प्रश्न : मोबाइलवर असा फोटो निघेल का? सोपं सांगा.
– एक गृहिणी, नांदेड

उत्तर : ॲपमधलं ‘ब्लर’ वापरू नका, ते मशीन ठरवतं. खोलीतले सगळे दिवे बंद करा. एकच खिडकी उघडी ठेवा, ऊन थेट नको. माणसाला खिडकीला काटकोनात बसवा, मागे गडद रंगाची गोधडी किंवा शाल टांगा. खांद्यावरही काळी ओढणी टाका, म्हणजे कपड्यांकडे लक्ष जाणार नाही. जवळ जा. स्क्रीनवर चेहऱ्याच्या ज्या भागावर थांबायचं तिथे बोट टेकवा आणि फोकस तिथेच राहू द्या. मग बसलेल्याला सांगा, तीन मिनिटं बोलू नकोस, आणि तुम्हीही बोलू नका. पहिल्या मिनिटात बटण दाबायचं नाही.

एक आणखी करा. फोटो फोनमध्ये ठेवू नका, त्याच दिवशी कागदावर काढून घ्या आणि बसलेल्याच्या हातात द्या. ॲनीचा फोटो २९ जानेवारी १८६४ ला, शुक्रवारी, दुपारी एक वाजता काढलेला आहे. ज्युलियाबाईंनी तो स्वतः छापला, टोन केला, फिक्स केला, फ्रेम केला आणि रात्री आठच्या आत तिच्या वडिलांना नेऊन दिला. वेळ त्यांनीच लिहून ठेवली आहे.